दुपट्यासकट वजन

मी तोंडाची फटकळ. आमच्या आरोग्य केंद्रात शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक आहे, मीही कधी लपवलं नाही. मुरुमच्या पुढं कर्नाटकच्या सीमेच्या अंगाला जी गावं आहेत, तिथल्या बावीस आशाताईंचं काम मी बघते. त्या घरोघर जाऊन गरोदर बायका, बाळंतिणी आणि तान्ही लेकरं बघतात, आणि मी त्यांच्या चुका बघते. हुद्दा गटप्रवर्तक. नाव चंद्रप्रभा, पण माघारी मला काय काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

चौदा वर्षं माझी एकच पद्धत. चूक दिसली की तिथल्या तिथं, तोंडावर, चारचौघांत. सहा वर्षांमागं लसीकरणाच्या दिवशी नागम्माच्या गावातली दोन लेकरं शेतवस्तीवर राहून गेली. मी तिला ग्रामपंचायतीच्या ओट्यापुढं असं झापलं, की ती पदरात तोंड घालून रडली. त्यानंतर तिच्या गावात एक लेकरू लसीवाचून राहिलं नाही. मी मनाशी म्हणाले, बघा, असं असतंय. गोड बोलून कुणाचं भलं झालंय?

पण गेल्या पावसाळ्यात अश्लेषा गेली. चोवीस वर्षांची पोर, नवीन लागलेली. तिचं रजिस्टर मी भर बैठकीत भिरकावलं आणि म्हणाले, "ह्यापेक्षा कोंबडी शाईत पाय बुडवून चालली असती तर बरं अक्षर आलं असतं." सगळ्या हसल्या. अश्लेषा हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं काम सोडलं, आणि आठवड्यात बाकीच्यांनी सह्या करून माझी तक्रार दिली.

आमचे डॉक्टर अनिरुद्ध माझ्या पुतण्याच्या वयाचे. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. तेव्हाच मी समजले, काहीतरी वंगाळ ऐकायचंय.

"मॅडम, तुमच्या कामाबद्दल शंका नाही. पण आता अशी पद्धत चालत नाही. धाराशिवला दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे, सहकाऱ्यांना चूक कशी सांगावी याचं. तुम्ही जा."

"मला पन्नाशीत बोलायला शिकवणार का आता?"

"जा," ते म्हणाले. "नाहीतर मला ही तक्रार वर पाठवावी लागेल."

गेले. काय करते? शिकवणारी बाई पुण्याची, आवाज असा की पाळण्यातलं लेकरू झोपावं. ती म्हणाली, आधी समोरच्याचं एखादं चांगलं काम सांगा, मग चूक सांगा, मग परत चांगलं सांगून संपवा. पावाच्या दोन तुकड्यांत भाजी ठेवावी तसं. मी शेजारच्या बाईला म्हटलं, "आमच्याकडं भाकरीत ठेचा ठेवतात, पण खाणाऱ्याच्या डोळ्याला पाणी येतंच की." ती फसकन हसली आणि आम्हा दोघींकडं सगळे बघायला लागले.

आता खरं सांगते. त्या बाईनं पुढंही बरंच सांगितलं होतं. चूक सांगताना मोघम सांगू नका, काय बघितलं ते सांगा, त्यानं काय नुकसान होतं ते सांगा, उद्यापासून काय करायचं ते तिच्याच तोंडून वदवून घ्या, आणि पंधरा दिवसांनी परत जाऊन बघा. हे सगळं तिनं फळ्यावर लिहिलं होतं. मी लिहून घेतलं नाही. मी फुगून बसले होते. मनात एवढंच म्हणत होते, गोड बोलायचंय ना तुम्हाला? घ्या, बोलते गोड.

नोव्हेंबरच्या शेवटी मी नागम्माच्या गावाला भेट द्यायला गेले. नागम्मा चाळिशीची, बुटकी, गळ्यात इष्टलिंग, तोंडात अर्धं कानडी अर्धं मराठी. तिचं गाव तिच्यावर जीव टाकतं. अर्ध्या रात्री कुणाला कळा लागल्या तर नवऱ्याच्या आधी तिला उठवतात. आणि तिचं रजिस्टर असं, की आमच्या सगळ्या केंद्रात तसलं दुसरं नाही. वर्षभरात घरी बघितलेल्या एकाही तान्ह्या लेकराचं वजन घटलेलं नाही. सगळी आपली चढत्या पायरीनं.

मला ते रजिस्टर कधीपासून खुपत होतं. शेजारच्या गावात दहातली तीन लेकरं मरतुकडी निघतात, आणि हिच्याच गावात सगळी गुबगुबीत? हिच्या गावात काय दुधाची विहीर आहे?

त्या दिवशी कळलं. एका घरी आठ दिवसांचं लेकरू होतं. नागम्मानं पिशवीतून काटा काढला, दारावरच्या तुळईला अडकवला, खाली कापडी झोळी लावली. झोळीत लेकरू ठेवलं ते अंगावरच्या सगळ्यासकट. डोक्याला टोपडं, अंगात झबलं, वर दोन दुपटी आणि त्यावर जुन्या साडीची लहान गोधडी. काटा बघितला आणि लिहिलं, दोन किलो आठशे.

मी विचारलं, "कपडे?"

तिनं मला डोळ्यानं खुणावलं. घरातल्या बाईनं ऐकलंच. "आवं मॅडम, काट्यावर माल घालतेत. लेकराला उघडं करून काट्याला टांगत्येत व्हय? नजर लागती. बारसं होऊस्तोवर आमी तर कुणाला दावीत बी न्हाय. नागम्मा आपली हाय म्हणून."

बाहेर आल्यावर नागम्मा हळूच म्हणाली, "आमच्यात असंच हाय, मॅडम. उघडं करा म्हणलं तर दारात बी घेणार न्हाईत. कपड्याचं कितीसं असतंय? शंभर ग्राम."

"आणि ते वजा करतेस?"

"वजा करून सांगितलं तर बाळंतीण फिकीर करती. दूध आटतंय."

मी तिच्याच घरी जाऊन, तिच्या नातवाची तसली दुपटी, टोपडं, गोधडी काट्यावर घातली. चारशे ग्राम भरलं. दोन किलोच्या लेकरात चारशे ग्राम! माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली, की जीभ टाळूला येऊन थडकली. एरवी मी तिला तिथंच सोलून काढलं असतं. पण डॉक्टरांकडची ती तक्रार डोळ्यांपुढं आली. म्हटलं, नको बाई. बोलायचंय ते पद्धतशीर बोलू, कौतुकासकट.

परत निघताना तिनं मला आणखी एका घरी नेलं. सिद्रामप्पाची लेक शिवप्रिया, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नवरा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात. आठवा महिना लागलेला आणि पोटाकडं बघितलं तर सहावा वाटावा. मनगट माझ्या दोन बोटांत मावलं. रक्त कमी, गोळ्या खाल्ल्या की उलट्या. मला बघून उठायला लागली तर म्हटलं, बस बाई. ती हसली. हसरी पोर होती.

वाटेत मी नागम्माला म्हणाले, "हिचं लेकरू लहान निघणार."

"व्हय, मॅडम."

"हिच्या लेकरावर नीट ध्यान ठेव."

"ठेवते की."

ह्याच लेकराचं वजन ती दुपट्यासकट करणार, हे मला तेव्हाच, त्या पांदीत उभी असताना ठाऊक होतं. ह्याहून जास्त मी स्वतःबद्दल काही सांगू शकत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात महिन्याची बैठक झाली. डॉक्टरांनी ठरवलं होतं, ह्या वेळी कुणाला बोलायचं नाही, सत्कार करायचा. सगळ्यांत चांगलं रजिस्टर कुणाचं? नागम्माचं. तिला शाल घातली, नारळ दिला, टाळ्या वाजवल्या. डॉक्टर म्हणाले, हिच्या गावात एकही बाळ वजनात मागं नाही, बाकीच्यांनी आदर्श घ्यावा. मी पुढच्याच रांगेत होते. उठून म्हणायला पाहिजे होतं की डॉक्टर, तो आकडा खोटा आहे. पण मी टाळ्या वाजवत बसले.

बैठक संपल्यावर मी नागम्माला केंद्रामागच्या कडुनिंबाखाली नेलं. एकटीला, प्रशिक्षणात सांगितलं तसं.

"नागम्मा," मी म्हणाले, "तुझ्यावर गावाचा एवढा विश्वास आहे, असा मी दुसऱ्या कुणावर बघितला नाही."

तिनं हातातली शाल सावरली.

"फक्त एक लहानशी गोष्ट. वजन करताना कपडे जरा कमी करता आले तर बघ. जमेल तसं. बाकी तुझं काम म्हणजे आपल्या केंद्राची शान आहे."

नागम्माचे डोळे भरले. तिनं माझा हात धरला. "धा वर्सांत पहिल्यांदा मला चांगलं म्हणलात, मॅडम. मला वाटायचं, तुमाला माझं कायबी आवडत न्हाय." पदरानं डोळे पुसत, शाल काखेत मारून ती एसटीच्या थांब्याकडं गेली. तिच्या चालण्यात असा ताठा मी कधी बघितला नव्हता.

आणि मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. घरी जाऊन यजमानांना म्हणाले, "बघा, मलाही येतं गोड बोलायला." भेटीचा अहवाल लिहिला. त्यात सूचनांचा एक रकाना असतो. त्यात लिहिलं, 'बालकाचे वजन कपडे काढून घेणेबाबत सूचना दिली.' सही केली, तारीख टाकली. पंधरा दिवसांनी परत जाऊन बघायचं होतं, ते गेले नाही. म्हटलं, सांगितलंय की.

शिवप्रिया डिसेंबरच्या शेवटी तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगा. तिथल्या काट्यावर उघड्या अंगानं दोन किलो दोनशे. तीन दिवसांनी दूध ओढतोय म्हणून घरी सोडलं. सातव्या दिवशी नागम्मा घरी गेली आणि कार्डावर लिहिलं, दोन किलो चारशे. मधेच थंडी वाढली, लेकराच्या अंगावर आणखी एक गोधडी चढली. चौदाव्या दिवशी लिहिलं, दोन किलो पाचशे. तिचा मला फोन आला होता. "मॅडम, शिवप्रियाचं लेकरू चांगलं वाढायलंय बगा. तुमी म्हणलं व्हतात लहान निघंल, पर भरून काढलं."

मी विचारलं नाही, कपडे काढलेस का. म्हणाले, "शाब्बास."

सतराव्या दिवशी पहाटे लेकरानं दूध ओढायचं सोडलं. हातपाय गार पडले. सिद्रामप्पानं जीप काढली. उमरग्याच्या अलीकडंच लेकराचा श्वास थांबला.

लेकरू गेलं की चौकशी असते, फॉर्म असतो. डॉक्टरांनी मला बोलावलं. माझा अहवाल त्यांच्यापुढं उघडा होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, देवा, सुटकेची कळा होती.

"मॅडम, बरं झालं तुम्ही लेखी सूचना दिली होती. तुमच्यावर काही येत नाही, केंद्रावरही येत नाही. तिनं ऐकलं नाही एवढंच दिसतं. तिला कमी करावं लागेल."

"तुम्हीच शाल घातली होती तिला," मी म्हणाले.

त्यांनी अहवाल मिटला. मग म्हणाले, "तुम्ही मला तेव्हा सांगायला हवं होतं." ते बरोबरच बोलले.

फॉर्म घेऊन मी गावाला गेले. नागम्मा एसटीच्या थांब्यावर येऊन उभी होती. चार दिवसांत दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. आम्ही चालायला लागलो. बरंच चालल्यावर मी विचारलं, "तुला सांगितलं होतं ना गं, कपड्यांचं?"

"सांगितलं व्हतं." तिनं मान हलवली. "पर तुमी हासून सांगितलं, मॅडम. मला वाटलं, लहानसं हाय. तुमीच म्हणला, लहानशी गोष्ट, जमंल तसं. लसीचं तुमी मला ओट्यापुढं बोलला, ते मी मरस्तोवर इसरणार न्हाय. हे बी तसलंच हाय हे मला कळलं न्हाय. घरी जाऊन मी काय सांगितलं ठाव हाय? मॅडमनी माझं कौतुक केलं. येवढंच सांगितलं. येवढंच ध्यानात व्हतं."

मी तिला ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुणाला ओरडणार? मोघम मी बोलले होते. बाईनं फळ्यावर लिहिलेलं सोडून मी फक्त गोडवा उचलला होता, तोही रुसून.

शिवप्रिया माजघरात भिंतीला टेकून बसली होती. छातीला फडकं बांधलेलं, दूध अजून येत होतं. तिची आई चुलीपुढून उठून आली. नागम्मा उंबऱ्यातच थांबली, आत आली नाही. मी फॉर्म मांडीवर घेतला आणि विचारायला लागले, बाळाचं नाव ठेवलं होतं का, दूध कधीपासून कमी झालं, ताप होता का. शिवप्रिया हळू हळू उत्तरं देत होती. मधेच तिनं उशीखालून लेकराचं कार्ड काढलं.

"मॅडम, एक इच्यारू? वजन तर वाढायलं व्हतं न्हवं? बावीसशे, चोवीसशे, पंचवीसशे. हे बगा, नागम्माअक्कांनी लिवलंय. वाढणारं लेकरू असं कसं जातंय? सोलापूरहून सासू म्हणायली, माझ्याच दुधात खोट हाय."

तिची आई म्हणाली, "नजर लागली, दुसरं काय."

त्या दोघी माझ्याकडं बघत होत्या. मला सोपं होतं. नजर लागली म्हटलं असतं तर त्या घरानं मला चहा दिला असता, नागम्माला माफ केलं असतं, आणि शिवप्रिया जन्मभर आपल्या दुधाला दोष देत बसली असती.

"न्हाय," मी म्हणाले. "वाढत नव्हतं. दवाखान्यातलं पहिलं वजन खरं. पुढची दोन्ही दुपट्या-गोधडीसकट केलेली. कपड्याचंच चारशे ग्राम असतं, थंडीत त्याहून जास्त. लेकरू घटत होतं, शिवप्रिया. तुझ्या दुधात खोट नव्हती. ते वेळेत कळलं असतं तर त्याला दवाखान्यात ठेवलं असतं, बहुतेक जगलं असतं."

आईचा हात तोंडावर गेला. मग ती नागम्माकडं वळली आणि कानडीत काहीतरी बोलली, तोडून टाकल्यासारखं. नागम्मानं चौकट धरली.

"तिला एकटीला बोलू नका," मी म्हणाले. "हिच्या बाळंतपणाआधी महिनाभर मी हे डोळ्यांनी बघितलं होतं. हिचं लेकरू लहान निघणार हेही मला माहीत होतं. मी तिला नीट बजावलं नाही. माझा आब राखायला गोड बोलले."

मी शिव्यांची वाट बघत बसले. मला त्या हव्या होत्या, अगदी ग्रामपंचायतीच्या ओट्यापुढं, सगळ्या गावासमोर. पण शिवप्रिया माझ्याकडं बघतच नव्हती. ती आईकडं बघत होती.

"अव्वा, मी तुला म्हणलं व्हतं."

आईनं कार्डाकडं हात केला.

"आठव्या दिसापासनं म्हणायले व्हते. हातात घेतलं की हलकं लागायलंय. कालच्यापरीस हलकं लागायलंय. तू काय म्हणलीस? काट्यापरीस तुला जास्त कळतंय का, पहिलटकरणीला." मग ती दाराकडं वळली. "अक्का, तुमाला बी म्हणलं व्हतं. तुमी कार्ड दावलं."

"व्हय गं," नागम्मा म्हणाली. "दावलं."

"मंजी माझंच बराबर व्हतं," शिवप्रिया म्हणाली. ती रडली नाही, आवाजही चढला नाही. परत एकदा, स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली, "माझंच बराबर व्हतं."

चुलीवर दूध उतू गेलं तरी कुणी उठलं नाही. माझ्या मांडीवरच्या फॉर्ममध्ये पुढचा प्रश्न होता, बाळाची तब्येत बिघडत आहे हे आईच्या लक्षात आले होते का. त्यापुढं मी 'होय' लिहिलं.